यंदा गौरी-गणपतीचं विसर्जन घरीच करायचंय, पण घरच्यांना कसं सांगू?

आंबेमोहोर · ११ जुलै २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय दरवर्षीचाच आहे पण यंदा तो आमच्या घरात शिरलाय म्हणून लिहिते.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, सासरचं मूळ वाईचं. गणपती गौरींबरोबर जाणारा. मूर्ती गेली पंधरा-सोळा वर्षं कोपऱ्यावरच्या मांडवातून येते, दीड फुटी, पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिस), कारण हलकी असते, चकचकीत असते आणि अगदी आदल्या दिवशी गेलं तरी मिळते. विसर्जन नदीत.

मागच्या वर्षी विसर्जनानंतर आठवड्याभराने मी आणि लेक (तेव्हा सात वर्षांचा) नदीकाठच्या रस्त्याने चाललो होतो. धरणातून सोडलेलं पाणी ओसरलेलं. जलपर्णीत एक हात अडकलेला दिसला, मोदक धरलेला. सोनेरी रंग जसाच्या तसा, कोपराच्या वर मात्र तुटलेला आणि आतला काथ्या बाहेर लोंबत होता. लेक म्हणाला, "आई, हा आपला आहे का?" मी नाही म्हटलं आणि त्याला ओढत पुढे नेलं. पण खरं सांगते मला माहीत नव्हतं, आपलाही असू शकत होता. तो हात वर्षभर डोळ्यासमोरून जात नाहीये.

तर यंदा शाडूची लहान मूर्ती आणायची आणि घरीच विसर्जन करायचं असं मी आणि नवऱ्याने ठरवलंय. सासूबाई तयार आहेत. बाबा (सासरे, वय ७४) अजिबात नाहीत. म्हणतात "देवाला वाहत्या पाण्यात निरोप देतात, बादलीत बुडवत नाहीत." त्यांना दुखवून मला काही करायचं नाहीये, गणपती मुळात त्यांचा आहे, ५० वर्षं तेच बसवतायत.

ज्यांनी घरी हे बदललंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. मूर्ती, सजावट, पत्री, जेवणावळ, सगळंच. गौरीजेवणाला आमच्याकडे ५०-६० पानं असतात.

---

पाटावरचो · ११ जुलै, ११:१५

ताई, मी कुडाळचा, नोकरीनिमित्त ठाण्यात. आमच्याकडे कोपऱ्यावरून मूर्ती आणायची पद्धतच नाही. चतुर्थीच्या महिना-दीड महिना आधी घरातला पाट गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा, शाळा म्हणजे मूर्तिकाराची मूर्तिशाळा. मूर्तिकार त्याच पाटावर मातीची मूर्ती घडवतो. पाटावर मागच्या बाजूला आमच्या आजोबांनी खिळ्याने कोरलेलं नाव आहे, अजून वाचता येतं. आदल्या दिवशी किंवा चतुर्थीच्या सकाळी तोच पाट डोक्यावर घेऊन आणायचा, विसर्जनालाही तोच पाट जातो आणि रिकामा परत येतो. शाळेत पाट दिल्याशिवाय चवथ इलीशी वाटतच नाय.

सांगायचं म्हणजे पर्यावरणपूरक वगैरे शब्द आमच्या म्हातारीला माहीत नव्हते. पाट तोच, माती जवळची, वर माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, तिला कवंडळं, आंबाडे, तवसं, नारळ, सुपारीचं शिपटं, कांगण्या, हरणाची फुलं, जे रानात त्या महिन्यात आहे ते. विसर्जनानंतर माटवीतलं खाण्यासारखं ते वाटून खायचं, बाकीचं परसात. गोव्यात त्यालाच माटोळी म्हणतात, तिथे तर माटोळीच्या स्पर्धा होतात. कवंडळाचं लालभडक फळ त्या हिरव्या पानांत काय दिसतं ते एकदा बघायला या, लायटिंगची आठवण येणार नाही.

तुमच्या बाबांना सांगा की हे नवीन काही नाहीये, आहे ते जुनंच आहे.

---

जुनं_ते_सोनं · १२ जुलै, सकाळी ७:०५

रागावू नका पण दरवर्षी गणपती आले की सगळ्यांना नदी आठवते. शहरातलं सांडपाणी ३६५ दिवस नदीत जातं, कारखान्यांचं पाणी जातं, त्यावर असे धागे निघत नाहीत. वर्षातून एकदा सामान्य माणूस भक्तिभावाने काहीतरी करतो त्यालाच का धरायचं? मी तुमच्या सासऱ्यांच्या बाजूने.

---

आंबेमोहोर · १२ जुलै, ७:५०

काका, सांडपाण्याचा धागा तुम्ही काढा, पहिला प्रतिसाद माझा असेल. तुमचं म्हणणं खोटं नाहीये, नदीची मुख्य घाण तीच आहे. पण सांडपाण्याला आपण हात जोडून "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत नाही ना. ज्याच्यापुढे सात दिवस निरांजन लावलं त्याचा तुटका हात गाळात पडलेला मला बघवला नाही एवढंच. नदीची काळजी हा एक भाग झाला, पण माझ्यासाठी आधी देवाचा मान आहे.

---

जुनं_ते_सोनं · १२ जुलै, ८:३०

हे मात्र पटलं. मग तुमच्या सासऱ्यांसाठी शास्त्रातलंच सांगतो, माझ्या वडिलांनी पौरोहित्य केलं म्हणून कानावर आहे.

भाद्रपद चतुर्थीच्या पूजेला पार्थिव गणेशपूजन म्हणतात. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. म्हणजे माती हीच मूळ अट आहे, पीओपी कुठल्याच पोथीत बसत नाही. दुसरं, देव मूर्तीत येतो तो प्राणप्रतिष्ठेने आणि निरोप घेतो तो उत्तरपूजेला. अक्षता वाहून मूर्ती जागची किंचित हलवली की विसर्जन झालं. त्यानंतर आपण पाण्यात देतो ती माती, देव नाही. त्यामुळे "बादलीत देव बुडवला" हे वाक्य चुकीचं आहे, बुडवतो ती माती. ती पाण्यात विरघळावी एवढंच बघायचं, पाणी नदीचं की विहिरीचं की घरातलं हा प्रश्न नंतरचा. आमच्याकडे पूर्वी वाड्यातल्या विहिरीतच व्हायचं.

मूर्तीही पूर्वी वीत-दीड वीत असायची. दीड फूट आणि दोन फूट हे हल्लीचं.

---

उकळी · १२ जुलै, दुपारी १:२०

केमिस्ट्री शिकवतो म्हणून थोडं हिशोबाचं लिहितो, कारण "पीओपी विरघळत नाही" एवढंच सगळे बोलतात, का ते कोणी सांगत नाही.

जिप्समचा दगड साधारण १५० अंशांना भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि जी पांढरी पावडर उरते ते पीओपी. तिच्यात पाणी घातलं की ती पाणी परत शोषून पुन्हा जिप्समच होते, म्हणजे दगडच. आपण घरी आणतो ती मूर्ती हा दगड झाला. जिप्सम एका लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे दोन किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला हजार लिटरच्या आसपास पाणी लागेल, एका बंगल्याच्या गच्चीवरची टाकी! ते पण रंगाचा थर नसेल तर. ऑइलपेंटने सगळीकडून बंद केलेल्या मूर्तीत पाणी शिरणार कुठून? म्हणून ती महिनोन् महिने तशीच राहते. शाडूची गोष्ट वेगळी, ती भाजलेली नसते, नुसती वाळवलेली चिकणमाती असते, पाणी लागलं की कण सुटे होतात.

ज्यांच्याकडे यंदा पीओपीची मूर्ती ठरलीच आहे त्यांच्यासाठी पण उपाय आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत काढली, बेकरीवाले खारी-बिस्किटात घालतात तोच पदार्थ. बादलीत मूर्ती बुडेल एवढं पाणी, मूर्तीच्या वजनाइतकी किंवा थोडी जास्त पावडर, दर दोन-तीन तासांनी ढवळायचं. साधारण ४८ तासांत मूर्ती फुटते, तळाला चुन्यासारखा पांढरा साका बसतो (कॅल्शियम कार्बोनेट) आणि वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट, ते खत आहे, भरपूर पाणी मिसळून झाडांना घालता येतं. वास उग्र येतो, खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलांना लांब. रंग भडक असतील तर ते पाणी भाजीच्या कुंडीला घालू नका. पुण्यात महापालिका ही पावडर फुकट वाटते, क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा.

पण हा पीओपी घेतल्यावरचा उपाय झाला. घेण्याआधी विचार होत असेल तर शाडूच घ्या.

---

ओली_माती · १२ जुलै, रात्री ९:४५

मी पेण तालुक्यातला. घरात तीन पिढ्या हेच काम. सगळ्यांचं वाचलं, चांगलं लिहिताय, पण आमची बाजू पण ऐका.

माझ्या आजाने पीओपीला हात लावला नाही. वडिलांनी लावला, कारण शाडूची एक मूर्ती साच्यातून निघून वाळायला जितके दिवस घेते तितक्यात पीओपीच्या कितीतरी होतात. पावसाळ्यात तर शाडू वाळता वाळत नाही, वर पंखे लावून ठेवायचे, खाली ओल. घाईने वाळवली की गळ्याशी आणि सोंडेशी तडा जातो. वजनाला जड, ट्रकमध्ये दहा नेल्या की एखादी दुखावतेच, तिचा खर्च आमच्या अंगावर. आणि गिऱ्हाईक स्टॉलवर येऊन म्हणणार "त्याची तीनशेला एवढी मोठी आणि तुमची आठशेला एवढीशी?" माती पण आता बहुतेक गुजरातेतून येते, भाडं वाढलंय.

म्हणून हात जोडून तीन गोष्टी सांगतो. एक, मूर्ती आषाढातच सांगा आणि थोडे पैसे आधी द्या, म्हणजे आम्ही माती भरतो. आदल्या दिवशी येणाऱ्याला पीओपीच मिळणार. दुसरं, लहान घ्या. नऊ इंचाची शाडूची मूर्ती घट्ट असते, डोळे नीट काढता येतात, दोन फुटीत आम्हालाही धाकधूक. तिसरं महत्त्वाचं. शाडू नदीत सोडली तर चालते असं समजू नका. माती म्हणून ती बरी, पण हजारो मूर्त्यांचा गाळ एका डोहात बसतो आणि ती माती कायमची जाते, मग परत दुसरी खणायची. तीच माती घरी भिजवून, रंगाचं पाणी काढून, वाळवून आम्हाला परत दिली तर आम्ही ती चाळतो, मळतो आणि पुढच्या वर्षी तिचीच मूर्ती होते. शाडू भाजलेली नसते त्यामुळे कितीही वेळा मळता येते. पुण्यात पुनरावर्तन नावाने माती गोळा करायची मोहीम चालते, ती माती मूर्तिकारांकडे परत जाते. माझ्याकडे गेल्या वर्षी अशी काही गोणी आली होती, त्यात एका गोणीत लहान मुलाच्या अक्षरात चिठ्ठी होती "बाप्पाची माती". ती चिठ्ठी मी कारखान्यात लावलीय.

---

आंबेमोहोर · १३ जुलै, सकाळी ६:३०

दादा, तुमचा प्रतिसाद रात्री नवऱ्याला आणि सासूबाईंना वाचून दाखवला. बाबा पेपर वाचत होते पण पान उलटलं नाही त्यांनी, म्हणजे ऐकत होते. नऊ इंचाचीच ठरवतोय, या आठवड्यातच सांगून येते.

---

हळदीचं_पान · १३ जुलै, दुपारी ४:१०

जेवणावळीबद्दल मी लिहू का, कारण सगळे मूर्तीवरच बोलतायत आणि आमच्या घरी सगळ्यात जास्त कचरा गौरीजेवणाचाच व्हायचा. मी एकदा मोजला होता, दोन मोठ्या काळ्या पिशव्या भरून ताटं-द्रोण-पेले.

पहिली गोष्ट, बाजारात पत्रावळी म्हणून मिळते ती चंदेरी किंवा चकचकीत कागदाची, तिच्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, ती कुजत नाही. कडेला फाडून बघा, पापुद्रा वेगळा सुटतो. घ्यायचीच तर पळसाच्या पानांची टाचलेली घ्या नाहीतर सरळ केळीचं पान. आमच्याकडे आम्ही सोसायटीतल्या सहा घरांनी मिळून ६० स्टीलची ताटं, वाट्या, पेले घेऊन ठेवलेत, ज्याच्याकडे कार्यक्रम त्याने न्यायचे आणि घासून परत करायचे. घासायचं काम वाढतं हे खरंय आणि ते बायकांच्याच अंगावर पडतं, म्हणून आमच्या घरी नियम केलाय, जेवलेल्याने आपलं ताट खरकटं काढून विसळून ठेवायचं, आलेल्या जावयांनी सुद्धा. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, आता आपोआप होतं.

पाण्याच्या बाटल्या अजिबात आणू नका. दोन माठ, वाळा टाकून.

सोळा भाज्यांच्या भाजीसाठी आणि ऋषिपंचमीच्या भाजीसाठी जवळच्या शेतकऱ्याकडून काय मिळतं ते आधी बघा, माठ, अळू, दोडका, पडवळ, भेंडी, लाल भोपळा, मक्याची कणसं हे त्या दिवसांत असतंच, परगावची महागडी भाजी लागत नाही. आणि मोदक उकडताना चाळणीत हळदीची पानं घाला, सुती कापड धुवायचं वाचतं आणि झाकण काढलं की तो वास… कुंडीत हळदीचा एक कांदा लावला की भाद्रपदापर्यंत पानं हातभर होतात.

---

रानवाटा · १४ जुलै, ११:००

पत्रीबद्दल कळकळीने लिहिते. वनस्पतिशास्त्र शिकलेय, टेकडीवर रोज फिरते.

एकवीस पत्रींमध्ये माका, बेल, धोत्रा, शमी, आघाडा, डोरली, रुई, कण्हेर, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, मरवा, पिंपळ, जाई, अगस्ती म्हणजे हादगा अशी झाडं येतात. तुळस एरवी गणपतीला वाहत नाहीत, या एका दिवशी चालते. किती सुंदर गोष्ट आहे ही, वर्षातून एकदा तरी माणसाने आजूबाजूची एकवीस झाडं ओळखावीत. पण बाजारात जुडी मिळते ती बघा, त्यात यातलं निम्मंही नसतं. टेकडीवरचं जे हाताला लागेल ते ओरबाडून जुडी बांधतात, कधी कधी फुलायच्या आधीच मुळासकट उपटलेलं. आदल्या दोन दिवसांत टेकडीचे काही पट्टे अक्षरशः बोडके होतात.

माझं म्हणणं, विकतची जुडी घेऊच नका. सोसायटीच्या आवारात फिरा, आघाडा, माका, दूर्वा, तुळस, जास्वंद, कण्हेर सहज सापडतं, मुलांना घेऊन शोधा. सात मिळाल्या तर सात वाहा, बाकीच्यांच्या जागी अक्षता. दूर्वा तर कुंडीत पण येतात. आणि निर्माल्य पिशवीत बांधून कलशात टाकण्यापेक्षा घरीच एका सच्छिद्र डब्यात, खाली नारळाच्या शेंड्या, वर थोडी माती नाहीतर जुनं खत, रोज फुलं चुरून टाका. हारातला दोरा आणि जरी आधी काढा, ती कुजत नाही.

---

खडेगौर · १४ जुलै, दुपारी २:३०

आमच्याकडे गौरी खड्यांच्या. नदीवरून किंवा पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, येताना बोलायचं नाही. तीन दिवस पूजा, मग परत पाण्याशी नेऊन ठेवायचे. आई म्हणायची, खडा कमी होत नाही की वाढत नाही. कोकणात माझ्या मावशीकडे तेरड्याच्या गौरी. एवढंच लिहायचं होतं.

---

दूरदेशी · १५ जुलै, पहाटे ३:२०

न्यू जर्सीहून. इथे तळ्यात काही सोडायची परवानगी नसते म्हणून आम्ही बारा वर्षं घरीच विसर्जन करतोय. मुलं स्वतः मातीचा गणपती करतात, मोठ्या भांड्यात विसर्जन, मग ती माती मागच्या अंगणातल्या जास्वंदीला. पहिल्या वर्षी मलाही वाईट वाटलं होतं, ढोल नाही, ताशा नाही. आता मुलांना विसर्जन म्हणजे हेच वाटतं, ती रात्री उठून भांड्यात डोकावतात. मुद्दाम सांगते, पाणी भरून मूर्ती सोडू नका. आधी मूर्ती ठेवा आणि मग सगळ्यांनी तांब्याने थोडं थोडं पाणी घाला. आजी-आजोबांपासून लहानापर्यंत प्रत्येकाचा हात लागतो.

---

उकळी · २६ जुलै, संध्या. ६:००

नवीन माहिती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपी नको असं २०२० मध्येच सांगितलं होतं, आता परवा मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करा असं म्हटलंय. म्हणजे घरचे पीओपीचे जवळपास सगळेच गणपती यात आले. आणि थर्माकोलचं मखर तर महाराष्ट्रात २०१८ पासूनच बंद आहे, तरी गल्लीबोळात मिळतं, घेऊ नका.

---

आंबेमोहोर · २ ऑगस्ट, रात्री ९:१०

अपडेट आणि एक सावधगिरीची सूचना. एका ठिकाणी "शंभर टक्के शाडू" म्हणून मूर्ती ठरवली होती, ॲडव्हान्स दिला होता. उचलली तर हलकी लागली. मूर्तीच्या तळाला, जिथे रंग नसतो तिथे, ओलं बोट घासलं. शाडू असेल तर बोटाला चिखल लागतो आणि जागा चिकट होते. इथे काहीच झालं नाही, बोट नुसतं पांढरट झालं. बराच वाद घालावा लागला पण पैसे परत मिळाले. मग दुसऱ्या मूर्तिकाराकडे गेलो, त्यांनी स्वतःहून तळ ओला करून दाखवला. नऊ इंच, गेरूचं पीतांबर, सोनेरी रंग फक्त मुकुटाला. घरातला पाट देऊन आलोय, पाटावरचोंना मुद्दाम सांगतेय.

बाबा अजून हो म्हणालेले नाहीत. पण पार्थिव आणि उत्तरपूजेचं मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले "हे मला माहितीये." मग बराच वेळ गप्प आणि मग एकदम वाईचं सांगायला लागले. त्यांचे वडील डोक्यावर पाट घेऊन कृष्णेवर जायचे, हे सात-आठ वर्षांचे, वाटली डाळीचा डबा यांच्या हातात. विसर्जन झालं की वडील त्याच रिकाम्या पाटावर नदीतली मूठभर वाळू घेऊन परत यायचे, ती घरात चारी कोपऱ्यांत टाकायची, धान्याच्या कणगीत टाकायची. "रिकाम्या हाताने परत येत नाहीत," म्हणाले. त्यांचा विरोध बादलीला नव्हताच, ते नदीपर्यंतचं चालणं जाणार याला होता. हे मला इतकी वर्षं या घरात राहून कळलं नव्हतं.

---

पाटावरचो · २ ऑगस्ट, ९:४०

मग चालणं ठेवा की ताई. नदीवर जायचंच, फक्त घेऊन जाण्याऐवजी आणायला जायचं.

---

आंबेमोहोर · ३ सप्टेंबर, दुपारी १२:२०

काल विसर्जन झालं. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांसाठी नीट सांगते.

सजावट सासूबाईंच्या तीन जुन्या इरकली साड्या आणि बांबूच्या काठ्या, परत घडी करून कपाटात. गौरींचे मुखवटे पितळी, पिढ्यानपिढ्याचे, तिथे काही बदलायचं नव्हतंच. पत्रीसाठी लेक आणि त्याचे दोन मित्र आवारात फिरले, नऊ प्रकारच्या सापडल्या, आघाडा त्याने स्वतः ओळखला. जेवायला ५४ पानं झाली. ताटं भाड्याने आणली, पाणी माठातलं, आणि ताट विसळायचा नियम जावयांपासून सुरू केला. ओला कचरा खतात गेला, सुका कचरा एका लहान पिशवीत मावला. एक गोष्ट फसली, माझ्या नणंदेने प्रेमाने थर्माकोलच्या द्रोणांचं पाकीट आणलं होतं, तिला नाही म्हणताना अवघड गेलं, पण ती पण समजली.

काल सकाळी बाबा आणि लेक दोघंच नदीवर गेले. तांब्या घेऊन, पाट घेऊन. पाणी जरा वरच्या अंगाला, स्वच्छ आहे तिथून घेतलं. परत आले तेव्हा पाटावर मूठभर वाळू होती आणि लेकाच्या हातात डाळीचा रिकामा डबा, घाटावरच्या लोकांना वाटून आले होते.

संध्याकाळी उत्तरपूजा झाली, बाबांनी अक्षता वाहिल्या, मूर्ती हलवली. मग माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढलं होतं त्यात मूर्ती ठेवली. पहिला तांब्या नदीच्या पाण्याचा, बाबांच्या हातून. मग सासूबाई, मग आम्ही, शेवटी लेक. पाणी खांद्यापर्यंत आलं तसे मूर्तीतून बारीक बुडबुडे यायला लागले, अगदी हळू आवाज येत होता, तापल्या जमिनीवर पहिला पाऊस पडल्यावर येतो तसा. आधी गेरूचा रंग सुटला आणि पाणी विटकरी झालं. मग कान मऊ पडले, मग सोंड. टीव्ही बंद होता. आम्ही आठ माणसं घंगाळाभोवती दीड तास बसून होतो. नदीवर कधीच असं बसता आलं नव्हतं, तिथे गर्दी, घाई, मागचा माणूस ढकलतोय, दोन मिनिटांत मूर्ती हातातून गेलेली असायची.

रात्री अकराला मुकुट तेवढा वर होता. बाबा झोपायला गेले आणि परत उठून आले. मला म्हणाले, "आज पहिल्यांदा पूर्ण जाताना पाहिला." मी काही बोलले नाही, मला बोलता आलंच नसतं.

सकाळी घंगाळाच्या तळाशी गुळगुळीत मातीचा थर आणि वर नितळ पाणी.

---

हळदीचं_पान · ३ सप्टेंबर, १२:५५

वाचताना डोळे भरून आले. आम्ही पण पुढच्या वर्षी पाणी तांब्यानेच घालणार.

---

जुनं_ते_सोनं · ३ सप्टेंबर, १:३०

तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. आमच्या घरी यंदा पीओपीच होती, अनंत चतुर्दशीला निरोप द्यायचाय. उकळी यांनी सांगितलेली पावडर आजच आणतो. पुढच्या वर्षीची मूर्ती मात्र आषाढात सांगणार, पाटही देणार.

---

रानवाटा · ३ सप्टेंबर, २:१०

ताई, वरच्या पाण्याचं काय केलंत? मुकुटाला सोनेरी रंग होता म्हणालात.

---

आंबेमोहोर · ३ सप्टेंबर, ४:४५

सोनेरी रंगाचा पापुद्रा वर तरंगला तो चमच्याने आधी काढून घेतला. पाणी सोसायटीतल्या बुचाच्या झाडाला घातलं, खाण्याच्या झाडांना नाही.

---

ओली_माती · ३ सप्टेंबर, रात्री ८:२०

माती पूर्ण वाळू द्या, मग कापडी पिशवीत भरा. शिंपले-वाळू राहिली तरी हरकत नाही, आम्ही चाळतो. तुमच्या जवळ गोळा करायचं केंद्र असेल तर तिथे द्या, माझ्यापर्यंत आलीच पाहिजे असं नाही, कुठल्याही मूर्तिकाराकडे गेली तरी कामाची.

---

आंबेमोहोर · ४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

दादा, निम्मी माती देतोय, पिशवी वाळत ठेवलीय, त्यात लेकाने चिठ्ठी टाकलीय. निम्मी बाबा देत नाहीयेत. पुढच्या वर्षी मूर्ती घरीच करायची असं त्यांनी आणि नातवाने परस्पर ठरवलंय, त्यासाठी ती ओलीच ठेवायची म्हणे. ओल्या गोणपाटात गुंडाळून बाल्कनीत सावलीला ठेवलीय. आज सकाळी बाबा संध्यावंदन झाल्यावर उरलेलं पाणी त्या गोणपाटावर शिंपडून आले.